व्हीआयए सर्व्हे: चाचणी फुकट आहे आणि चांगलीही, फक्त क्रमांकांवर जाऊ नका

‘तुमच्यातल्या क्षमता ओळखा’ म्हणणाऱ्या ऑनलाइन चाचण्यांना तोटा नाही. बहुतेकींच्या मागे संशोधन नावापुरतंच असतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या व्हीआयए (व्हॅल्यूज इन अ‍ॅक्शन) इन्स्टिट्यूटची ‘व्हीआयए सर्व्हे’ ही स्वभावातले चांगले गुण ओळखायची चाचणी त्याला अपवाद आहे. मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलेलं वर्गीकरण तिचा पाया आहे. आजारांची शिस्तशीर यादी मानसोपचाराकडे आधीपासून होती, माणसातल्या चांगल्याची नव्हती. ती करायला घेताना दोघांनी जगभरच्या धर्मपरंपरा आणि तत्त्वज्ञानं चाळली आणि २४ गुण सहा गटांत बसवले. कुतूहल, चिकाटी, दयाळूपणा, विनोदबुद्धी, कृतज्ञता, संयम अशी ती यादी आहे.

वापरायला सोपी आहे. ई-मेल देऊन खातं उघडायचं, ९६ विधानं वाचायची आणि प्रत्येकासमोर ‘अगदी माझ्यासारखं’ ते ‘अजिबात माझ्यासारखं नाही’ या पाच पर्यायांतला एक निवडायचा. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. इंग्रजी जड जात असेल तर भाषांच्या यादीतून सोयीची भाषा आधीच निवडा. मध्येच शब्दकोश उघडत बसलात तर उत्तरातली सहजता जाते. शेवटी २४ गुणांची क्रमवार यादी मिळते, प्रत्येकाखाली छोटं वर्णन असतं, आणि त्याच पानावर सशुल्क अहवालांची दुकानदारीही सुरू होते.

फसगत होते ती या क्रमवार यादीवर. ९६ विधानं आणि २४ गुण, म्हणजे एका गुणाच्या वाट्याला चारच विधानं. प्रत्येक उत्तराचा आकडा १ ते ५, तेव्हा चारांची बेरीज ४ ते २० यांच्यामध्येच येणार, म्हणजे शक्य आकडे १७ झाले. २४ गुण १७ आकड्यांत बसवायचे तर काहींना सारखेच आकडे पडणार, ते टळतच नाही. तरी यादीत एक पाचवा दिसतो आणि एक सहावा. फुकटच्या निकालात मूळ आकडे दिसत नसल्याने पाचव्या आणि नवव्यात खरं अंतर आहे की एखाद्या विधानावर ‘अगदी’ऐवजी ‘बऱ्यापैकी’ निवडल्याचा परिणाम आहे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून यादीचे तीन ढीग करा: वरचे सहा-सात, खालचे चार-पाच आणि मधला गठ्ठा. मधल्या गठ्ठ्यातल्या क्रमाला काही अर्थ देऊ नका.

दुसरं, हा क्रम तुमच्या तुमच्यातच लावलेला असतो. तुमची चिकाटी तिसरी आणि मैत्रिणीची अकरावी, एवढ्यावरून तुमची चिकाटी तिच्यापेक्षा जास्त ठरत नाही. तिला सगळ्याच गुणांत तुमच्याहून जास्त आकडे पडले असतील. ऑफिसच्या प्रशिक्षणात टीमच्या याद्या शेजारी शेजारी लावून ‘नेतृत्व कुणाचं वर आहे’ हे बघतात, ते म्हणूनच चूक आहे.

उत्तरं देताना मराठी घरांत हमखास होणारा घोटाळा म्हणजे स्वतःबद्दल चांगलं बोलायचा संकोच. ‘मी फार दयाळू आहे असं मीच कसं म्हणू?’ म्हणून माणूस मधला पर्याय धरून बसतो. सगळी विधानं सकारात्मकच असल्यामुळे उलट प्रकारही होतो, वाचेल त्याला मान डोलावत जायचं. दोन्हींत सगळे आकडे एकाच जागी गोळा होतात आणि क्रम नुसत्या योगायोगाने ठरतो. उपाय असा की विधान वाचल्यावर गेल्या महिनाभरातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा. प्रसंग आठवला नाही तर टोकाचा पर्याय निवडायचा नाही. आणि ‘मी कसा असायला हवं’ हा विचार डोक्यात शिरतोय असं वाटलं तर जरा थांबायचं.

खालच्या टोकाला संयम दिसला की अनेकांचा चेहरा पडतो. त्याची गरज नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५४ देशांच्या तुलनेत संयम, नम्रता आणि सावधपणा हे सर्वसाधारणपणे तळालाच होते आणि दयाळूपणा, न्यायबुद्धी, प्रामाणिकपणा, कृतज्ञता वर. तुमची यादी त्याच वळणाची असेल तर त्यात तुमचं असं फारसं काही नाही. बघायचं ते या वळणापासून तुमची यादी कुठे फुटते ते. सावधपणा वरच्या पाचांत आला असेल किंवा दयाळूपणा विसाव्या जागी असेल, तर तिथे थांबून विचार करण्यासारखं आहे.

वरच्या सहा-सातांपैकी खरे आपले कोणते, हे चाचणी सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक गुणाला तीन प्रश्न विचारा. हा काढून घेतला तर मी मी राहीन का? तो वापरताना जोर लावावा लागतो की आपोआप येतो? वापरून झाल्यावर थकवा येतो की तरतरी? तिन्हींत बसणारे बहुधा तीन-चारच उरतात. शिवाय रोजच्या संबंधातल्या दोघांना, शक्यतो एक घरचा आणि एक कामावरचा, २४ गुणांची कोरी यादी देऊन तुमचे पाच निवडायला सांगा. तुमचा निकाल त्यांना आधी दाखवू नका, नाहीतर ते भिडेखातर तेच गुण निवडतील.

चाचणी देऊन गुण नुसते कळले तर पुढे काय होतं? सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा २००५ चा प्रयोग इथे कामाचा आहे. इंटरनेटवरून ५७७ जण त्यात आले, ४११ जणांनी तो पुरा केला. एका गटाने आपले वरचे पाच गुण ओळखून आठवडाभर जास्त वापरायचे होते. त्यांचा फायदा तात्पुरता ठरला. दुसऱ्या गटाने वरच्यांपैकी एक गुण आठवडाभर रोज वेगळ्या, नव्या रीतीने वापरायचा होता. त्यांच्यात आनंद वाढल्याचं आणि उदासी कमी झाल्याचं सहा महिन्यांनंतरही दिसलं. मात्र २०१२ मध्ये कॅनडात हा प्रयोग पुन्हा झाला तेव्हा तुलनेसाठी नुसत्या लहानपणच्या चांगल्या आठवणी लिहिणाऱ्यांनाही आनंदाचा तेवढाच लाभ दिसला. तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. पण आठवडा घालवावा इतकं त्यात नक्कीच आहे.

तो आठवडा फसतो तो बहुतेक वेळा ‘नव्या रीतीने’ हे दोन शब्द गाळल्यामुळे. कुतूहल वर आलं म्हणून रोज यूट्यूबवर माहितीपट पाहणं म्हणजे जे चालूच होतं तेच. त्याऐवजी सात दिवसांच्या सात कृती रविवारीच कागदावर लिहा, प्रत्येक जास्तीत जास्त वीस मिनिटांची, आणि वेळ ठरवून. उदाहरणार्थ, सोमवारी भाजीवाल्याला एका अनोळखी रानभाजीबद्दल विचारायचं. मंगळवारी कंटाळवाण्या बैठकीत एक खरा प्रश्न काढायचा. बुधवारी सासऱ्यांना त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल बोलतं करायचं. गुण एकच, जागा दर वेळी वेगळी. रोज रात्री दोन ओळी: काय केलं, नंतर कसं वाटलं. दोन-तीन गुण एकदम धरलेत तर चौथ्या दिवशी कागद कुठे आहे तेच आठवणार नाही. आवडत नसलेल्या कामाला वरचा गुण जोडणं सगळ्यात फळतं, कारण तिथे तो आजवर वापरलेलाच नसतो.

गुणाचा अतिरेकही होतो. प्रामाणिकपणाचा फटकळपणा होतो. दयाळूपणा वाढला की माणूस कुणालाच नाही म्हणू शकत नाही, आणि चिकाटीपायी बुडीत कामही सोडवत नाही. चाचणी हे मोजत नाही. रोजच्या दोन ओळींत तिसरी जोडा: समोरच्याला ते हवं होतं का?

सहा गटांना मात्र फार मानू नका. आकडेवारीच्या विश्लेषणात ते सहा नीटसे सापडत नाहीत. काही संशोधकांना आपुलकी, जिज्ञासा आणि आत्मसंयम असे तीनच गट जास्त पटतात. २४ गुणांची यादी वापरा, सहा शीर्षकं सोडून दिलीत तरी चालेल.

पैसे मोजून घ्यायचा अहवाल पहिल्या फेरीत नको. वरचा आठवडा पुरा केलात आणि तरी आणखी खोलात जावंसं वाटलं, तर मग बघा. गुण ओळखायची दुसरी एक चाचणी म्हणजे क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स. तिच्यात ३४ विषय आणि विधानांच्या १७७ जोड्या आहेत. ती विकत घ्यावी लागते आणि तिचा रोख मुख्यतः कामाच्या ठिकाणावर आहे. कंपनी पैसे देत असेल तर जरूर घ्या, पण स्वतःच्या खिशातून घेण्याआधी ही फुकटची करून पाहा.

दहावीनंतर शाखा निवडायला ही चाचणी घेऊ नका. ती कलचाचणी नाही, बुद्धी किंवा गणित-भाषेची क्षमता ती मोजत नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी वेगळी आवृत्ती आहे, मोठ्यांची मुलांना देऊ नये. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर गुण शोधत बसण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्या दिवसांत माणूस स्वतःला सगळ्याच विधानांवर कमी आकडे देतो, आणि त्या अवस्थेत आलेली यादी बरं झाल्यावर टाकूनच द्यावी लागते.