एका तारेपायी : 29 इंची चाकांचे 14 महिने

टिंग. एवढाच आवाज झाला. धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात, लांडोर बंगल्याच्या खालच्या अंगाला सायकलने उतरत होतो. मोठा दगड नाही, उडी नाही, साधा मुरमाचा उतार. वाटलं खडा उडून रिमला लागला. पण लगेच मागचं चाक चेनस्टेला, म्हणजे चाकाशेजारच्या फ्रेमच्या दांडीला, घासायला लागलं. उतरून बघतो तर चाकाच्या डाव्या बाजूची एक तार (स्पोक) निप्पलच्या, म्हणजे तिला रिमशी आवळणाऱ्या बारक्या नटाच्या, तोंडाशी तुटून लोंबतेय. 24 तारांच्या चाकात एक गेली की बाकीच्या 23 तिचं काम वाटून घेत नाहीत, रुसून बसतात. डिस्क ब्रेक आहे म्हणून वाकड्या चाकावर ब्रेक तरी लागला. नाहीतर आग्रा रोडपर्यंत सायकल खांद्यावर आली असती.

तर हा सगळा अनुभव त्या एका तारेचा आहे. वजन किती, दिसतं कसं, हे वाचायला आलेल्यांची निराशा होईल.

माझी सायकल अॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) 135 मिमीचा, क्विक रिलीजचा. माझं वजन 86 किलो, त्यात पाठीवर दोन लिटर पाणी, कारण धुळ्यात मार्चनंतर त्याशिवाय निघणं म्हणजे वेडेपणा. दर रविवारी लळिंग, अधूनमधून सोनगीर, वर्षातून एकदा शहाद्यामार्गे तोरणमाळ. सायकलबरोबर आलेलं मागचं चाक फ्रीव्हीलवालं होतं, म्हणजे गिअरचं चक्र हबवर आट्यांनी बसवलेलं. त्यात उजवीकडचे छर्रे पार आत राहतात आणि एक्सलचं टोक बाहेर आधाराविना लटकतं. खड्ड्यात आपटलं की एक्सल तिथेच वाकतो. माझा दोनदा वाकला, तिसऱ्यांदा तुटला. शिमानोने याच्यावरचा उपाय, म्हणजे बेअरिंग बाहेरच्या टोकाला नेणारा फ्रीहब, 1978 मध्येच बाजारात आणला होता. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींना तो अजून परवडत नाही.

म्हणून मागच्याच्या मागच्या दिवाळीत तयार व्हीलसेट घेतला. दोन्ही चाकं मिळून 18,500. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर खाली निम्मे लोक तिच्या बाजूने भांडतील आणि तार बाजूलाच राहील. सीलबंद बेअरिंग, ट्यूबलेस रिम, आतून 25 मिमी रुंद, आणि सरळ तारा. नेहमीच्या तारेला हबकडे कोपर असतो, डोकं वाकवून भोकात अडकवलेलं. या तारा खिळ्यासारख्या सरळ. तार बहुतेक वेळा त्या कोपरातच तुटते, म्हणून कोपरच काढून टाकला, असं जाहिरातीत होतं. वाचून पटलं. साडेअठरा हजारांत नुसती चाकं आली हे घरात कळल्यावर काय झालं ते इथे नको.

पहिले सहा महिने खरंच मजेत गेले, आणि त्याचं श्रेय ट्यूबलेसला. लळिंगच्या बाजूला वेडी बाभूळ किती माजली आहे ते जाणाऱ्याला माहीत आहे. पाऊस सरला की वर सराटे. ट्यूब होती तेव्हा एका फेरीत तीन पंक्चर काढल्याचा माझा अनुभव आहे, चौथ्याला ठिगळं संपली. आता काटा दिसला तरी उपटत नाही, घरी येऊन उपटतो, फुस्स होतं, पांढरा थेंब येतो, मिटतं. हवा मागे 40 ऐवजी 28 पीएसआयवर ठेवता येते, त्यामुळे दगडांवर कंबर वाचते. फक्त आपल्या उन्हात सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं ते पांढरं द्रव, पाकिटावर लिहिलंय तेवढं टिकत नाही. मे महिन्यात टायर उघडलं तर आत दुधाच्या सायीसारखं रबर धरलेलं, पातळ काहीच नाही. उन्हाळ्यात मी दीड महिन्याने थोडं ओततो. अन् व्हॉल्व्ह बारका, प्रेस्टा. पन्नास रुपयांचं अॅडॅप्टर खिशात नसेल तर गावातला पंप असून नसल्यासारखा.

फ्रीहबचा आवाज पहिल्या आठवड्यात डोक्यात गेला. नंतर कळलं की म्हशी घंटीला हलत नाहीत, पण या टरटरीला बाजूला होतात. तेवढ्यापुरती तक्रार मागे.

तर, तार. जूनच्या शेवटच्या रविवारी तुटली. सोमवारी धुळ्याच्या बाजारात, पाचकंदीलला गेलो. एक दुकान, दुसरं, तिसरं. प्रत्येकाने ती हातात घेतली, उलटी केली, कोपर शोधला आणि परत दिली. शेवटी आमच्या नानांकडे. नाना चाळीस वर्षं चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढताहेत, दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. त्यांनी तार डोळ्यासमोर धरली.

"हाई कथाईन लई उना भाऊ?"

"ऑनलाइन, नाना."

"मंग तठेच माग. हाई तार आठे भेटाव नही."

मागितली. कंपनीच्या सेवा केंद्राला मेल केला: एक तार, मागचं चाक, डावी बाजू. उत्तर आलं, बिलाची प्रत पाठवा. पाठवली. मग फोटो. मग तारेची लांबी. मी तुटलेले दोन तुकडे जोडून मोजली. मग उत्तर, सुटी तार देता येत नाही, चाक पाठवा, जाण्याचा खर्च तुमचा, तीन आठवडे लागतील. 29 इंची चाकाचा खोका कुरिअरवाला वजनावर नाही, आकारावर मोजतो. एका तारेसाठी जाण्याचेच 900 रुपये. मी विचारलं, संच विकत देता का? हो, पण 24 चाच, आणि सध्या शिल्लक नाही.

इथे माझं डोकं फिरलं. आपल्या दूधवाल्याची काळी सायकल बघा. पुढे 32 तारा, मागे 40. दोन्हीकडे दुधाचे कॅन, रस्ता तोच आपला. तार तुटली तर तो कुठल्याही गावात दहा मिनिटांत दुसरी घालून पुढे जातो. आणि मी 18,500 देऊन एका तारेसाठी मेल लिहितोय, तोही इंग्रजीत, आदरपूर्वक.

नानांनी तोवर जुगाड केला. साध्या तारेचा कोपर ऐरणीवर ठोकून सरळ केला, लांबी कापून नव्या आट्या पाडल्या, बसवली. "जपीसन चालाव," म्हणाले. चार फेऱ्या टिकली. पाचव्या फेरीला ती डोक्याशी तुटली, आणि तिच्या शेजारची कंपनीची दुसरीही गेली.

इथपर्यंतचं मी जुलैत रागात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की ही तारच भिकार आहे, कोणी घेऊ नका. ते खोडतोय. झालं असं की दुसऱ्या वेळी चाक नेलं तेव्हा नानांनी ते मांडीवर घेतलं आणि एकेक तार बोटाने छेडली. उजवीकडच्या टणटण. डावीकडच्या ढब, ढब, मधेच एखादी टण. मला म्हणाले, ही वीण मुळात सैल आहे, तारेचा काय दोष?

घरी येऊन मी स्वतः नीट समजून घेतलं. मागच्या चाकात उजवीकडे गिअर असल्याने हबची कड आत सरकलेली असते, म्हणून उजव्या तारा जास्त ताणाव्या लागतात आणि डाव्यांचा ताण त्यांच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. एवढं चालतं. पण उजवीकडच्याच कमी ताणल्या असतील तर डावीकडे काही उरतच नाही. चाक फिरताना जमिनीकडची तार प्रत्येक फेऱ्यात थोडी सैल पडते आणि वर जाताना पुन्हा ताणते. मुळात ताण कमी असेल तर ती पूर्ण ढिली पडते. वायर मागेपुढे वाकवून तोडतो तसंच हे, फक्त अगदी हळू. 29 इंची चाकाचा एक फेरा साधारण 2.3 मीटरचा. माझे 3,100 किलोमीटर झाले होते, म्हणजे साडेतेरा लाख फेरे. साडेतेरा लाख वेळा ती तार ढिली पडून ताणली गेली. तुटली त्यापेक्षा टिकली किती याचंच नवल वाटलं. म्हणून मोठ्या दगडावर नाही तुटली, साध्या मुरमावर तुटली.

यात थोडी चूक माझीही. चाकांबरोबर आलेल्या कागदावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर ताण तपासून घ्या असं होतं. मी तो कागद खोक्यासकट माळ्यावर टाकला होता.

मग ताणून घेऊ म्हटलं, तर पुढचं रडगाणं. निप्पल अॅल्युमिनियमचे, लाल रंगाचे, फोटोत फार छान. रिमची टेप एका जागी उचलली गेली होती, तिथून सीलंट आत झिरपलं होतं आणि निप्पलांवर पांढरी भुकटी धरली होती. सीलंटमधला अमोनिया अॅल्युमिनियमला खातो. नानांनी पाना लावला तर चार निप्पल जागच्या जागी गोल झाले. दहा-पंधरा ग्रॅम वाचवायला हा धंदा. 86 किलोचा माणूस, सकाळी नाश्त्याला शेवभाजी खाऊन निघतो, त्याला पंधरा ग्रॅमचं काय कौतुक?

मागचं चाक तिथेच संपलं. ऑगस्टमध्ये नवीन बांधून घेतलं. दुपदरी भिंतीची, भोकांना आयलेट (धातूची कडी) असलेली 32 भोकांची रिम 2,600. शिमानोचा कप-कोनचा साधा हब 2,400. यात सीलबंद बेअरिंग नाही, छर्रे आहेत, पण पावसाळ्यानंतर उघडून धुऊन ग्रीस भरायला नानांना अर्धा तास पुरतो. कोपरवाल्या 14 गेजच्या स्टेनलेस तारा, पितळी निप्पलसकट 25 रुपयाला एक, अशा 38 घेतल्या, 950. सहा जास्तीच्या का ते सांगायची गरज नाही. नानांनी मजुरी 400 सांगितली, मी 500 दिले. एकूण 6,450. जुनं सात गिअरचं फ्रीव्हील कंपनीची चाकं आली तेव्हाच गेलं होतं, इथेही सातचाच कॅसेट (फ्रीहबवर सरकवायचं गिअरचं चक्र) बसवला, फ्रीहबवर उरलेल्या जागेत साडेचार मिलिमीटरची रिंग घातली. शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) तोच.

बांधताना मी शेजारी बसलो होतो. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून विणली. ताण आल्यावर नानांनी समोरासमोरच्या तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून आवळल्या. कडकड असे आवाज आले, मी घाबरलो. म्हणाले, कोपर भोकात नीट बसायला पाहिजे, आत्ता आवाज झालेला बरा, रानात नको. मग पुन्हा आऊट काढला. कुठलंही मीटर नाही, कान आणि बोट. मी घरी मोबाईलवरच्या ट्यूनरने उजवीकडच्या तारा तपासल्या, सगळ्यांचा सूर जवळजवळ एकच निघाला. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटीही इतकी सुरात नाही.

हे चाक कंपनीच्या चाकापेक्षा जड आहे, चढाला जाणवतं, विशेषतः बसून दामटताना. तोरणमाळला डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा वर पोचायला मागच्या वर्षीपेक्षा वेळ लागला. वय पण एक वर्षाने वाढलंय, त्यामुळे दोष नक्की कोणाचा ते ठरवत नाही. उतरताना मात्र फरक कळला. आधी वळणावर मागचं चाक किंचित उशिरा यायचं, मी ते टायरवर ढकलत होतो. आता पुढचं जातं तिथे मागचंही जातं.

पुढचं चाक कंपनीचंच ठेवलंय, 24 सरळ तारांचं. पुढे भार कमी आणि दोन्ही बाजूंच्या ताणात फरकही कमी. नानांनी छेडून पाहिलं आणि सोडून दिलं. 4,500 किलोमीटर झाले, बेअरिंग अजून गुळगुळीत. तेव्हा चाकं वाईट होती असं म्हणता येत नाही. मागचं नीट ताणून आलं असतं आणि निप्पल पितळी असते, तर मी आज कौतुक लिहीत असतो, हेही खरं. फक्त तेव्हाही तार पाचकंदीलला मिळाली नसतीच, आणि माझा राग तिथेच आहे.

ऑक्टोबरमध्ये, दसरा उलटल्यावर, कंपनीकडून एक पाकीट आलं. पैसे न घेता, माफीच्या चिठ्ठीसह, दोन तारा. मी त्या जुन्या तारेशेजारी ठेवून पाहिल्या. उजव्या बाजूच्या होत्या.

नव्या चाकाचे 1,400 किलोमीटर झालेत. नानांनी 500 ला परत आणून दाखव म्हणून सांगितलं होतं, ते अजून झालेलं नाही. येत्या शनिवारी नेतो.