फ्लॅटपिकिंगची सुरुवात कुठून करावी: कार्टर पद्धत, फिडलच्या धुना की क्रॉसपिकिंग?

अकूस्टिक गिटारवर बोटांऐवजी एकाच पिकने (तार छेडायच्या छोट्या चपट्या पट्टीने) सूर आणि ठेका दोन्ही सांभाळण्याच्या ज्या शैलीला फ्लॅटपिकिंग म्हणतात, ती अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातल्या जुन्या गाण्यांतून आणि नाचाच्या धुनांतून घडली आणि ब्लूग्रास या वेगवान अमेरिकी लोकसंगीतात तिला आजचे रूप आले. ती शिकू पाहणाऱ्यापुढे सुरुवातीलाच तीन वाटा असतात. पहिली मेबेल कार्टर यांच्या वादनावर बेतलेली, जिच्यात खर्जाच्या तारांवर चाल आणि वरच्या तारांवर कॉर्ड वाजते. दुसरी फिडलच्या (लोकसंगीतात वाजणाऱ्या व्हायोलिनच्या) धुना एकेका स्वराने वाजवण्याची, जी डॉक वॉटसन यांच्यामुळे सर्वतोमुखी झाली. तिसरी क्रॉसपिकिंगची, जिच्यात तीन तारांवरून पिक सतत फिरते ठेवून बँजोसारखी स्वरांची साखळी विणली जाते. तिन्ही वाटा पुढे एकमेकींना मिळतात, त्यामुळे कोणती श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. पण उजव्या हाताला पहिली सवय कोणती लावायची, हा निर्णय मात्र महत्त्वाचा आहे, कारण पहिली सवय सर्वांत उशिरा सुटते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जो आजवर कॉर्ड धरून गाणी म्हणत आला आहे, त्याने कार्टर पद्धतीपासून सुरुवात करावी. जो इलेक्ट्रिक गिटारवरून येतो आहे आणि ज्याचा डावा हात तयार आहे, त्याने थेट फिडलच्या धुना घ्याव्यात. क्रॉसपिकिंग ऐकायला सर्वांत मोहक असले तरी ते कुणीही पहिले घेऊ नये.

मेबेल कार्टर (1909–1978) या व्हर्जिनियातल्या. 1927 साली टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात राल्फ पीअर यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंबाचे गाणे बाहेर पडले आणि त्याबरोबर मेबेल यांचे गिटारवादनही. तोवर गिटार बहुधा साथीला मागे असे. इथे ती चाल सांगू लागली. मेबेल अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवत आणि तर्जनीने वरच्या तारांवर कॉर्ड हलकेच घासत. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर हे फ्लॅटपिकिंग नव्हतेच. पण हेच काम पुढे पिकने करण्याची रीत पडली आणि आज ती फ्लॅटपिकिंगची पहिली पायरी म्हणून शिकवली जाते.

या पद्धतीचे मर्म ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ या 1928 साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. सी कॉर्ड धरावी. चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर मधले बोट आधीच असते. तो पहिला स्वर. त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटवर करंगळी टेकवली की दुसरा. मग तिसरी तार मोकळी, आणि तिच्या मागोमाग वरच्या तारांवर कॉर्डचा एक हलका फटकारा. हे वाजवताना बाकीची कॉर्ड सोडायची नाही. डाव्या हाताचे काम इतकेच आहे, म्हणून लक्ष पूर्णपणे उजव्या हातावर देता येते, आणि तिथेच खरी अडचण समोर येते: चालीचा स्वर ठसठशीत आणि कॉर्डचा फटकारा दबका, असे वजन वाटायला हात तयार नसतो. नवशिक्याची कॉर्ड चालीवर मात करते. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते अशा माणसाला ऐकवावे ज्याला हे गाणे माहीत नाही. त्याला चाल गुणगुणता आली तर वजन बरोबर आहे.

या वाटेचा फायदा असा की पहिली ओळखू येणारी धून थोड्याच आठवड्यांत हाताशी येते, गाता गाता वाजवता येते, आणि खर्जाचा स्वर व मग कॉर्ड हा जो साथीचा मूळ ठेका आहे, तो वेगळा न शिकता अंगात मुरतो. हा शेवटचा मुद्दा बहुतेक शिकणारे हिशेबात धरत नाहीत. फिडल, बँजो, मेंडोलिन, बास आणि गिटार अशी पाच जणांची बैठक असेल तर प्रत्येकाला एकेकदा पुढे येऊन वाजवायला मिळते. म्हणजे गिटारवाल्याची एक फेरी चालीची आणि उरलेल्या सगळ्या साथीच्या. ज्याला वेगवान धून येते पण स्थिर साथ देता येत नाही, त्याच्या शेजारी बसायला कुणी उत्सुक नसते. मर्यादाही तितकीच उघड आहे. जवळजवळ सगळे स्ट्रोक वरून खाली असल्याने वेग एका टप्प्यावर अडतो, आणि चाल कॉर्डच्या आकाराला बांधलेली राहते. इथेच वर्षानुवर्षे रमणारे वादक आहेत आणि त्यात वावगे काही नाही. मात्र ज्याचे ध्येय वेगवान ब्लूग्रास आहे, त्याने ही वाट मुक्कामाची मानू नये.

फिडलच्या धुनांची वाट मुळातच निराळ्या गरजेतून आली. नॉर्थ कॅरोलायनातील डीप गॅपचे डॉक वॉटसन (1923–2012) लहानपणीच अंध झाले होते. 1950च्या दशकात ते एका नाचाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत. बँडमध्ये फिडलवाला नव्हता आणि स्क्वेअर डान्सला तर फिडलच्या धुना हव्याच. तेव्हा वॉटसन यांनी त्या गिटारवर उतरवल्या. 1960च्या दशकातील लोकसंगीताच्या लाटेत तेच काम अकूस्टिक गिटारवर देशभर ऐकले गेले. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला ही वाट परकी वाटण्याचे कारण नाही असे मी म्हणतो, ते काहीसे याच इतिहासामुळे.

बहुतेक धुनांची बांधणी ठरलेली असते: आठ बारचा (बार म्हणजे ठेक्याचे एक आवर्तन) पहिला भाग दोनदा, आठ बारचा दुसरा भाग दोनदा, एकूण 32 बार. बारमध्ये आठ स्वर, आणि त्यांना एकच नियम: ठोक्यावरचा स्वर डाउनस्ट्रोकने (वरून खाली), दोन ठोक्यांच्या मधला अपस्ट्रोकने (खालून वर). एखादा स्वर लांब असेल, तर त्या वेळात हात थांबत नाही. तारेला न लागता हवेत फिरतो आणि पुढच्या स्वराला योग्य दिशेनेच पोहोचतो. सरोदवर जव्याने ‘दा’ आणि ‘रा’ घोटलेल्या माणसाला यात नवे वाटणार नाही. इतरांना मात्र हा नियम सुरुवातीला अकारण कडक वाटतो, आणि तार बदलताना तर अन्यायकारकच वाटतो. तिसऱ्या तारेवर डाउनस्ट्रोक दिला की पिक दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मधल्या फटीत येते. पुढचा स्वर दुसऱ्या तारेवर अपस्ट्रोकने घ्यायचा, तर पिकला ती तार ओलांडून पलीकडे जावे लागते आणि तिथून परत यावे लागते. त्यापेक्षा तसेच पुढे ढकलून दुसरा डाउनस्ट्रोक देणे कितीतरी सोयीचे आहे, आणि रॉक वाजवणाऱ्यांनी नेमकी हीच सोय अंगवळणी पाडलेली असते. पण तसे केले की वजन ठोक्यावरून सरकते. स्वर सगळे बरोबर असतात, तरी नाचाचा हेलकावा नाहीसा होतो. इलेक्ट्रिकवरून येणाऱ्याने इथे नवे शिकायचे कमी आणि जुने सोडायचे जास्त असते. म्हणूनच त्याने कार्टर पद्धतीत वेळ न घालवता ही खोड लगेच मोडायला घ्यावी.

वेगाबद्दल गैरसमज फार आहेत. नाचाच्या लयीत, मिनिटाला 120 पदन्यास धरले आणि प्रत्येक पदन्यासात चार स्वर असले, तर सेकंदाला आठ स्वर होतात. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण निम्म्या लयीत वाजवलेली ‘सोल्जर्स जॉय’ही धून म्हणून पुरेशी सुरेल लागते आणि शिकण्याचे सगळे काम त्या लयीतच होते. कोणाला प्रमाण मानायचे, हेही लक्षपूर्वक ठरवावे. नॉर्मन ब्लेक धुनेच्या जवळ राहतात, म्हणून त्यांचे ऐकून शिकता येते. क्लॅरेन्स व्हाइट (1944–1973) ठोक्याला हुलकावणी देऊन वाजवत, आणि टोनी राइस (1951–2020) तीच रीत आपल्या विस्ताराने फार पुढे घेऊन गेले. दोघांचे वादन मनसोक्त ऐकावे, पण पहिल्या वर्षी त्यांची नक्कल करू नये. (व्हाइट यांची 1935ची मार्टिन डी-28 गिटार पुढे राइस यांच्याकडे आली, हातातली रीतही अशीच हस्तांतरित झाली असे ऐकताना वाटत राहते.) ही वाट शेवटपर्यंत चालणाऱ्यांसाठी कॅन्सस राज्यातील विनफिल्डच्या महोत्सवात 1972पासून फ्लॅटपिकिंगची राष्ट्रीय स्पर्धा होत आली आहे.

डाव्या हाताच्या दृष्टीने ही वाट दिसते तेवढी अवघड नाही. फिडलवाले बहुधा ए आणि डी या स्केलमध्ये वाजवतात. गिटारवाला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून ‘जी’च्या आकारांतून ए आणि सीच्या आकारांतून डी काढतो. त्यामुळे मोकळ्या तारा मिळतात आणि बोटे पहिल्या तीन-चार फ्रेटमध्येच राहतात.

क्रॉसपिकिंगबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ज्याला ते खरोखर हवे आहे त्याला आधी वरच्या दोहोंपैकी एका वाटेने जावेच लागते. स्टॅन्ली ब्रदर्स या ब्लूग्रास बँडबरोबर वाजवणारे जॉर्ज शफलर (1925–2014) यांनी ते गिटारवर रूढ केले. मेंडोलिनवर त्याच सुमारास जेसी मॅकरेनॉल्ड्स बँजोच्या फिरत्या स्वरांना पिकने गाठत होते. संथ गाण्यात गायकाची ओळ संपल्यावर जी पोकळी उरते ती भरून काढणे हा त्याचा मूळ उपयोग. शफलर यांची फिरत दोन डाउन आणि एक अप अशी. बारमधले आठ स्वर त्यामुळे तीन, तीन आणि दोन असे विभागले जातात, आणि कितीतरी डाउनस्ट्रोक ठोक्यांच्या मधोमध पडतात. म्हणजे फिडलच्या धुनांसाठी हाताला जो नियम शिकवला, तो इथे मुद्दाम मोडायचा असतो. ज्याचा नियमच पक्का नाही त्याचे दोन्हीकडून नुकसान होते. एक पळवाट आहे: वॉल्ट्झच्या ठेक्यात बारमध्ये सहाच स्वर असतात, तीन-तीनचे दोन गट त्यात नेमके बसतात, आणि म्हणून उत्सुकता आवरत नसेल तर पहिला प्रयत्न एखाद्या संथ वॉल्ट्झवरच करावा.

संगतीचा विचार निवडीत येतोच. पुण्यात, नाशिकात किंवा पणजीत घरी एकट्याने वाजवणाऱ्याला फिडलच्या धुना काही महिन्यांनी कोरड्या वाटू लागतात, कारण मागे कॉर्ड वाजवणारे कुणी नसते. कार्टर पद्धतीत चाल आणि साथ एकाच हातात असल्याने एकट्यालाही गाणे पूर्ण वाटते. उलट नॉर्थ कॅरोलायनात रॅले किंवा कॅरीला राहणाऱ्या मराठी माणसाच्या आसपास ही परंपरा जिवंत आहे. ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा वार्षिक मेळावाच 2013 ते 2024 रॅलेत भरत होता. त्याने पाच-सात प्रचलित धुना तयार करून एखाद्या जॅममध्ये (एकत्र वाजवण्याच्या बैठकीत) मागच्या रांगेत बसावे. तिथे एका संध्याकाळी कानावर पडते ते टॅबच्या (तार आणि फ्रेटचे आकडे लिहिलेल्या) कागदातून महिनाभरात हाती लागत नाही. एरवीही टॅब आधाराला ठेवावा, पण धून आधी तोंडाने म्हणता आली पाहिजे, हा क्रम तिन्ही वाटांना सारखाच लागू आहे.

साधनांच्या बाबतीत कार्टर पद्धत सर्वांत सोशिक आहे. घरात असलेली कोणतीही ठीक गिटार आणि मध्यम जाडीचे पिक चालते. फिडलच्या धुनांना 1 ते 1.5 मिलिमीटर जाडीचे, न वाकणारे पिक लागते. कॉर्ड झोडपण्यासाठी वापरतात ते पातळ पिक वाकून परत येईपर्यंत पुढचा स्वर निघून गेलेला असतो. क्रॉसपिकिंगला तारांमधले अंतर महत्त्वाचे. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी 43 मिलिमीटरऐवजी 44.5 असेल तर डाव्या हाताच्या बोटांचा शेजारच्या मोकळ्या तारेला धक्का लागणे कमी होते. तारा सुरुवातीला 12–53 जाडीच्या घ्याव्यात. 13–56चा भरदार आवाज मोहात पाडतो, पण त्या दाबायला बोटे आधी तयार हवीत. मोठ्या पेटीची ड्रेडनॉट ही या संगीताची रूढ गिटार, आणि तिच्या पाठीला व बाजूंना वापरतात ते शिसवीचे लाकूड बरेचदा आपल्याकडचेच असते. तरी पहिल्या वर्षी नव्या गिटारवर खर्च करू नये. त्यापेक्षा आहे त्या गिटारच्या तारांची उंची जाणत्या कारागिराकडून बेतून घ्यावी, आणि मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने ते काम पावसाळा धरून करावे, कारण दमट हवेत लाकूड फुगून तारा वर येतात आणि मे महिन्यात हलकी वाटलेली गिटार ऑगस्टमध्ये बोटांना जड जाते.

कार्टर पद्धतीने सुरुवात करणाऱ्याने धुनांकडे कधी वळावे, याला महिन्यांचे माप नाही. मेट्रोनोम मिनिटाला 80 ठोक्यांवर लावून तीन-चार गाणी चाल न दबता वाजवता आली आणि मधला एखादा स्वर अपस्ट्रोकने आपोआप निघू लागला, की ‘सोल्जर्स जॉय’चा पहिला भाग घ्यायला हरकत नाही, दुसरा भाग पहिला बसल्यावर घ्यावा.