ओडू कम्युनिटीचं बिलिंग: वजनाच्या बारकोडात पास, छपाईत कटकट

छोट्या दुकानासाठी मुक्त स्रोत बिलिंग शोधत असाल तर ओडू या व्यवसाय-सॉफ्टवेअरची मोफत कम्युनिटी आवृत्ती बसवून बघाच. मुक्त परवाना एलजीपीएल ३, मागे पायथन भाषा आणि पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस. काउंटरवर नुसता ब्राउझर पुरतो.

सुटा माल विकणाऱ्यांसाठी खरी मजा वजनाच्या बारकोडात, म्हणजे ज्यात मालाचं वजनही लिहिलेलं असतं अशा बारकोडात आहे. मूळ मांडणीत '२१'ने सुरू होणाऱ्या ईएएन-१३ (तेरा अंकी बारकोड) मध्ये पुढचे पाच अंक मालाचे, नंतरचे पाच वजनाचे, शेवटचा तपासणी अंक (आधीच्या बारा अंकांवरून काढलेला). २११२३४५०१५००२ स्कॅन केला की दीड किलो थेट बिलात. मात्र मालाच्या नोंदीत वजनाच्या जागी शून्यं घालून तपासणी अंक नव्याने काढावा लागतो: २११२३४५०००००८. शेवटचा २ तसाच ठेवला तर स्कॅनर बीप देतो, पण माल सापडत नाही.

इंटरनेट गेलं तरी उघडलेलं सत्र चालतं; बिलं तोवर ब्राउझरमध्येच साठतात. त्या वेळात कोणी कॅश साफ केली (गल्ल्यातली नव्हे, ब्राउझरची) तर ती बिलं गेलीच समजा.

छपाईत जीव मेटाकुटीला येतो. ईपॉस (ब्राउझरमधून थेट छापण्याची एप्सनची सोय) असलेला एप्सनचा नेटवर्क प्रिंटर सरळ जोडला जातो. पावती चित्र म्हणून जात असल्याने देवनागरीही नीट उमटते. साधा यूएसबी प्रिंटर असेल तर दर बिलाला छपाईची खिडकी उघडते. क्रोम 'किऑस्क-प्रिंटिंग' पर्यायाने सुरू केल्यास ती टळते, पण गल्ला उघडण्याची आज्ञा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये वेगळी लावावी लागते.