प्रिम्युला अ‍ॅलिओनी की मार्जिनाटा?

इंग्लंडला राहणाऱ्या मावसबहिणीने विचारलं, कुंडीत आल्प्समधली कुठली प्रिम्युला (छोटं फुलझाड) लावू, अ‍ॅलिओनी जातीची की मार्जिनाटा?

अ‍ॅलिओनी खरी दुर्मीळ. फ्रान्स-इटली सीमेवरच्या मॅरिटाइम आल्प्सच्या छोट्या पट्ट्यात, चुनखडीच्या कड्यांच्या कपारींत ती उगवते. नाव तुरीनचे वनस्पतीशास्त्रज्ञ कार्लो अल्लिओनी (१७२८-१८०४) यांच्यावरून. मार्जिनाटाही नैर्ऋत्य आल्प्सचीच, पण तिचा मुलूख मोठा.

खरा फरक पाण्याचा. अ‍ॅलिओनीची चिकट, लवदार पानं वरून भिजली की हिवाळ्यात कुजतात. कड्यावर तिच्या डोक्यावर खडकाचं छप्पर असतं. म्हणून काचघर हवं, पाणी कडेने द्यायचं, वाळलेली पानं चिमट्याने काढायची. मार्जिनाटा उघड्यावर, दगडांच्या फटीत टिकते. निचरा मात्र चांगला हवा. तिच्या दातेरी पानांवरची पांढरी पूड फुलं नसतानाही देखणी दिसते. फांदीपासून रोपही सहज होतं.

फुलांत मात्र अ‍ॅलिओनीच सरस! इवलंसं रोप गुलाबी फुलांखाली पार झाकून जातं.

काचघर आणि रोज बघायला वेळ असेल तर अ‍ॅलिओनी घे, रोपवाटिकेत वाढवलेलीच. पहिल्यांदाच लावत असशील, बाल्कनी उघडी असेल, तर मार्जिनाटा. पुण्यात आईकडे यातलं काही पाठवू नकोस, तिथला उन्हाळा दोन्हींना सोसणार नाही.