५० लिटरची सॅक घ्यावी की ७०ची?

रतनगड ते हरिश्चंद्रगडसारखे दोन-तीन दिवसांचे ट्रेक करायचेत, पुढे हिमालयही मनात आहे आणि सॅक एकच घ्यायची आहे. मग कोणती?

आधी पाठ मोजा: मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. सॅक या मापाची नसेल, तर कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. ७०च्या सॅकमध्ये बहुधा पाठीची उंची कमी-जास्त करता येते, पट्टाही जाड असतो. ओझं १५ किलोंवर जाणार असेल तर हे हवंच. ५०ची सॅक १०-१२ किलोंपर्यंत सुखाची.

७०ची सॅक रिकामीच दोन किलोंच्या आसपास भरते, किंमतही जास्त. पण खरी अडचण ती अर्धी भरल्यावर कळते. सामान तळाशी बसतं, सॅक मागे ओढते. शिवाय कारवीच्या रानात आणि कातळटप्प्यांवर ती अडकते. ५०च्या सॅकला मॅट बाहेर बांधावी लागते, तंबू दोघांत वाटून घ्यावा लागतो, एवढंच.

टिकाऊपणा लिटरवर ठरत नाही. खांद्याचे पट्टे जिथे शिवलेत तिथे जोरात ओढून पाहा, टाके उघडे दिसले तर सोडा.

सह्याद्रीसाठी आणि पोर्टर किंवा खेचर असलेल्या हिमालयातल्या ट्रेकसाठी ५०च घ्या. तंबू, स्टोव्ह, आठवड्याचा शिधा स्वतः वाहणार असाल तरच ७०.