इंजिनिअरिंग: बेळगावचं गोगटे की सांगलीचं वालचंद?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा वाद दरवर्षी रंगतो. जुनं नाव वालचंदचंच: १९४७चं. गोगटे १९७९चं; स्वायत्त असलं तरी पदवी व्हीटीयूचीच (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची), म्हणून नुसत्या 'व्हीटीयू'वर भाळू नये, तो शिक्का इतर शेकडो कॉलेजांवरही असतो.

खरा फरक प्रवेशात आहे. कर्नाटक सीईटीच्या रँकमध्ये पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, गुणांचा निम्मा वाटा असतो. महाराष्ट्रात बारावीला किमान गुण हवेत, क्रम मात्र सीईटीवरच. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात 'टाइप ई' या सीमाभागासाठीच्या वेगळ्या उमेदवारी प्रकारातून अर्ज करता येतो. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात. घोळ इथेच होतो: गाव सीमाभागातल्या ८६५ वादग्रस्त गावांच्या यादीत आहे का, हे आधी पाहतच नाहीत. रँक चांगला असेल तर वालचंद. काठावर असेल तर घरून गोगटे.