वजन उतरवायचे तर ताट आवरावे की पावले वाढवावीत?

वजन कमी करण्याचे मनावर घेतलेल्या माणसापुढे हा पेच पहिल्याच आठवड्यात उभा राहतो आणि बहुतेक जण तो आपापल्या स्वभावाप्रमाणे सोडवतात: जिभेला आवर घालणे ज्याला जड जाते तो पहाटे टेकडी गाठतो आणि ज्याला पहाटे उठवत नाही तो रात्रीचे जेवण सोडतो. शरीराच्या खर्चापेक्षा पोटात कमी ऊर्जा गेली तरच साठलेली चरबी वापरली जाते, त्यामुळे दोन्ही वाटा एकाच हिशेबाला येऊन मिळतात. मात्र त्या हिशेबात दोघींचा वाटा सारखा नसतो आणि तो किती असावा हे ठरवण्यासाठी आकडे मांडून पाहिलेले बरे.

उदाहरणादाखल ४५ वर्षांची, १५८ सेंटीमीटर उंचीची, ७२ किलो वजनाची आणि दिवसभर बसून काम करणारी एक स्त्री डोळ्यांसमोर आणावी. मिफ्लिन-सेंट जिओर या प्रचलित सूत्रानुसार तिच्या शरीराला नुसत्या श्वास, रक्ताभिसरण अशा आतल्या कामांसाठी दिवसाला सुमारे १,३२० कॅलरी लागतात आणि बैठ्या दिनक्रमासह एकूण खर्च १,५८५ च्या आसपास जातो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणून आठवड्याला अर्धा किलो उतरवायचे तर रोज ५५० कॅलरींची तूट हवी.

ही सगळी तूट चालण्यातून काढायची म्हटली तर काय होते? ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने तासभर चालताना तिच्या एरवीच्या खर्चात सुमारे १८० कॅलरींची भर पडते, म्हणजे रोज तीन तास चालावे लागेल. नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून हे कोणाला जमणार? एक वडापाव साधारण ३०० कॅलरींचा असतो. तो जिरवायला या बाईंना पावणेदोन तास लागतील, खायला मात्र चार मिनिटे पुरतात. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेला आकडाही जपूनच घ्यावा, कारण बसून राहिलो असतो तरी जो खर्च झालाच असता तो पुष्कळदा त्यात मिळवलेला असतो. माझ्या घड्याळाने एकदा तासाभराच्या चालण्याचे ४१० दाखवले आणि त्या भरवशावर मी परतीच्या वाटेवर पोहे आणि गोड चहा घेतला, तेव्हा त्या सकाळची कमाई बहुधा शून्यावर आली असावी. शिवाय व्यायाम वाढला की शरीर अन्यत्र काटकसर करते, असेही दिसते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षात घेता तो पाश्चात्त्य शहरी लोकांपेक्षा वेगळा निघाला नाही.

मग ताटच आवरावे हे ओघाने येते, आणि वजन उतरण्याच्या काळात मुख्य काम ताटाचेच आहे असे माझे मत आहे. मात्र कात्री कुठे लावायची हे पाहायला हवे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे २७५ कॅलरी नुसत्या तेलातून जातात; तेच अडीच लिटरवर आणले तर भाजीचे प्रमाण जराही न घटवता शंभरेक कॅलरी वाचतात. त्यासाठी फोडणीला थेट कॅनमधून तेल ओतण्याची सवय सोडून पाच मिलिलिटरचा चमचा हाताशी ठेवावा लागतो, एवढेच. चार कप चहात आठ चमचे साखर जात असेल तर त्या १६० कॅलरी झाल्या, त्या निम्म्या करता येतात. एक पोळी कमी केली की आणखी शंभर. उपवासाचा मात्र या कामी भरवसा धरू नये: १०० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप एवढ्या खिचडीत सहाशेच्या वर कॅलरी असतात आणि दाण्यांतली प्रथिने सोडली तर हाती फारसे काही लागत नाही.

सगळी ५५० ची तूट ताटातूनच काढली तर या स्त्रीला १,०३५ कॅलरींत दिवस काढावा लागेल, आणि इथे आहाराची वाट अडते. तिला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वाटीभर वरणातून जेमतेम सात ग्रॅम मिळतात, तेव्हा शाकाहारी घरात एवढ्या तुटपुंज्या जेवणात ती बसवणे फार कठीण जाते. प्रथिने कमी आणि हालचाल नाही, अशा स्थितीत उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्याकडे मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून दाखवली होती: दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. अशा शरीरयष्टीच्या लोकांनी केवळ उपाशी राहून काटा खाली आणणे मला तोट्याचे वाटते.

म्हणून या उदाहरणापुरती माझी वाटणी अशी: तेल, साखर आणि एक पोळी यांतून मिळणाऱ्या २८० ते ३०० कॅलरी ताटातून आणि ५० मिनिटांच्या चालण्यातून १५०, शिवाय आठवड्यातून दोन दिवस उठाबशा किंवा वजन उचलण्याचा व्यायाम, जो कॅलरींसाठी नसून स्नायू टिकवण्यासाठी आहे. कागदावर यातून आठवड्याला ४०० ग्रॅम उतरतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीची चर्चा महाराष्ट्रात घरोघर झाली. तिच्यातही ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे सांगितलेले आहे, पण ते सोयीस्करपणे विसरले जाते. ज्याचे वजन शंभर किलोच्या पुढे आहे आणि गुडघे बोलू लागले आहेत, त्याने आधी ताटावरच भर द्यावा, कारण त्याचा रोजचा खर्च मोठा असल्याने तिथे कात्रीला वाव असतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. जेवण घटले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

वजन उतरल्यानंतर मात्र ही वाटणी पालटते. आपली ही स्त्री ६२ किलोवर आली की तिचा बैठा खर्च १,४६५ च्या आसपास येतो, म्हणजे पूर्वीपेक्षा १२० कॅलरींनी कमी, आणि तो फरक जन्मभर ताटातून भरून काढणे जिवावर येते. अमेरिकेत १९९४ पासून निदान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले लोक सरासरी रोज तासभर व्यायाम करत असल्याचे सांगतात. एवढ्यावरून व्यायामानेच वजन टिकले असे सिद्ध होत नाही, तरी उतरवताना दुय्यम असलेले चालणे टिकवताना पुढे येते, याच्याशी ते जुळते.

पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तेव्हा त्यात बरेचसे पाणी असते, त्यामुळे निर्णय चार आठवड्यांनी घ्यावा आणि वजनाबरोबर कमरेचे मापही लिहून ठेवावे. तोवर काहीच हलले नसेल तर चालणे वाढवण्याआधी नव्या तेलाच्या कॅनवर पेनाने तारीख घालावी आणि तो कितव्या दिवशी संपतो ते पाहावे.